प्रवासात समुद्र रंगवताना: जलरंग की ॲक्रिलिक, हे हवेला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जलरंगाचा हात बसलेला आहे, ॲक्रिलिक अलीकडे सुरू केलंय आणि आता किनाऱ्याकिनाऱ्याने दोन-तीन आठवड्यांचा प्रवास ठरलाय. दोन्ही माध्यमं न्यावीत की एकच? शिवाय घरी नीट बसणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग पसरलेला थर, समुद्रावर का बिघडतो आणि चित्रातला समुद्र दर वेळी नुसता निळा पट्टा का होतो?

दोन्ही न्या. फक्त कोणतं कधी काढायचं, हे विषयावरून ठरवू नका. आकाश दिसलं की जलरंग आणि खडक दिसले की ॲक्रिलिक, असा हिशोब बरेच जण करतात. खोलीत तो चालतो, कारण तिथली हवा दिवसभर साधारण सारखी असते. किनाऱ्यावर एकाच दिवसात दोन-तीन वेगवेगळ्या हवा भेटतात आणि दोन्ही माध्यमांचा सगळा खेळ पाणी किती वेगाने उडतं यावर आहे. तुमचा वॉश बिघडतो तो हात वाईट म्हणून नाही, कागद घरच्यापेक्षा फार हळू किंवा फार लवकर वाळतो म्हणून.

सकाळी उजाडताना हवा दमट असते, वारा पडलेला असतो. कागद हाताला गार लागतो आणि पहिला वॉश वाळता वाळत नाही. अशा वेळी थरांवर थर चढवायचं जलरंगाचं चित्र हाती घेतलंत, तर निम्मा वेळ कागदाकडे बघण्यात जातो आणि शेवटी धीर सुटून ओल्यावरच दुसरा थर दिला जातो. मग चिखल होतो. त्यापेक्षा त्या ओलीचाच फायदा घ्या. आकाश, धुकं, लांबचा किनारा ओल्यावर ओलं अशा पद्धतीने एका दमात सोडवा आणि थांबा. अल्ट्रामरिन, सेरुलियन, बर्न्ट सिएना हे दाणेदार बसणारे रंग अशा हवेत अधिक खुलतात, कारण रंगकणांना कागदाच्या खळग्यांत उतरायला वेळ मिळतो. तोच वॉश दुपारी मारलात तर दाणा फारसा उमटत नाही.

जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि दुपारपर्यंत जोर धरतात. ऊन आणि वारा एकत्र आले की मोठा वॉश टिकवणं अवघड जातं. वरून खाली येईपर्यंत वरची कड वाळून तिथे रेघ पडते. आता ॲक्रिलिक काढा. एरवी त्याचं लवकर वाळणं आपल्याला छळतं, इथे तेच कामी येतं. खडकाचा गडद थर पाच-दहा मिनिटांत पक्का होतो आणि त्यावर उजेडाचा थर बेधडक देता येतो. खालचा रंग हलत नाही, कारण पाणी उडालं की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगाला बांधून ठेवतो तो डिंक, आणि तो पाणी लागलं की परत सुटतो. दोन्ही माध्यमांमधले बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

थंड प्रदेशात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तापमान साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट धरत नाही. रंग वाळल्यासारखा दिसतो, पण कमकुवत राहतो आणि पुढे भुगा होऊन सुटू शकतो. अशा दिवशी ट्यूब पिशवीतच राहू द्या.

दोन्ही माध्यमं एकाच दिवशी वापरणाऱ्याला आणखी एक चकवा बसतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. ॲक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगकणांना बांधून ठेवणारा पदार्थ, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, म्हणून हा फरक. सकाळी जलरंगात डोळ्याला ‘थोडं गडद लाव’ अशी सवय लागते आणि दुपारी त्याच सवयीने ॲक्रिलिकचा समुद्र शाईसारखा काळा होतो. फळीच्या कडेला कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवा, मिश्रणाचा एक फटकारा तिच्यावर मारा आणि वाळल्यावरच रंग ठरवा. वाऱ्यात त्याला मिनिटभरही लागत नाही.

आता निळ्या पट्ट्याकडे येतो, कारण माध्यम कुठलंही असलं तरी खरी अडचण तिथे आहे.

पहिलं कारण साध्या भूमितीत आहे. वाळूवर बसलात तर डोळा जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असतो. तिथून शंभर मीटरपलीकडचा, क्षितिजापर्यंतचा सगळा समुद्र साधारण अर्ध्या अंशात मावतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या उंचीएवढ्या पट्टीत. आपल्याला मात्र समुद्र अफाट आहे हे माहीत असतं, म्हणून आपण त्याला कागदाचा तिसरा हिस्सा देऊन टाकतो आणि मग त्यात भरायला काही सापडत नाही. समुद्र चित्रात मोठा हवा असेल तर उंचावर जा. क्षितिज नेहमी डोळ्याच्या पातळीवर असतं. उभं राहिल्यावर ते साडेचार किलोमीटरच्या आसपास असतं आणि २५ मीटर उंच कड्यावरून सुमारे १८ किलोमीटरवर जातं. वरून पाण्याचे उथळ-खोल पट्टे, प्रवाह, ढगांच्या सावल्या उलगडतात आणि समुद्राला चित्रात जागा मागायचा हक्क मिळतो. खाली वाळूवरच बसायचं असेल तर समुद्राची पट्टी अरुंदच काढा आणि कागद आकाशाला किंवा ओल्या वाळूला द्या.

दुसरं कारण, समुद्राला स्वतःचा एक ठरावीक निळा असतो हा समज. पायाजवळ आपण पाण्याकडे जवळजवळ सरळ खाली बघतो. तिथे परावर्तन फार कमी होतं आणि तळ दिसतो, म्हणून रंग वाळूचा, शेवाळाचा, हिरवट. जसजसं लांब बघाल तसतशी नजर पाण्याला तिरकी लागते आणि परावर्तन वाढत जातं. म्हणजे दूरचा समुद्र मुख्यतः आकाश दाखवत असतो. पण कुठलं आकाश? क्षितिजालगतचं नाही. पाणी सपाट आरसा नसतं. आपल्याकडे तोंड करून असलेल्या लाटांच्या उतारांवर वरचं आकाश पडतं, आणि ते क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा गडद असतं. म्हणूनच निरभ्र दिवशी क्षितिजाशी समुद्र आकाशापेक्षा स्पष्ट गडद दिसतो आणि अगदी शांत पाण्यात ती रेघ पुसट होत जाते. डोळे बारीक करून ही एक तुलना करा: रेघेच्या वरचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, आणि खालचा टोन. ही जोडी बरोबर बसली की पट्टा समुद्र होतो. ती चुकली तर किंमती निळे रंगही काही करू शकत नाहीत.

आणि हे बघताना पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा. तो पाण्यावरचं परावर्तनच कापतो, म्हणजे नेमकं जे रंगवायचं तेच गायब करतो. टोपी पुरे. छत्री वापरणार असाल तर पांढरी, राखाडी किंवा काळी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. कागदावर थेट ऊन घेऊन काम करू नका. उन्हात प्रत्येक मिश्रण आहे त्यापेक्षा उजळ दिसतं, म्हणून आपण गडद लावत जातो आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

आता लाट. नवख्याचा हात इथे सर्वांत जास्त अडतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

उथळ पाण्यात आल्यावर, खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणून लाटा साधारण त्याच त्या ठिकाणी फुटतात, आणि हीच आपल्यासाठी सोयीची गोष्ट आहे. एका लाटेचा पाठलाग करू नका. फुटण्याची जागा ठरवा आणि तिथे येणाऱ्या दहा-बारा लाटा हातात ब्रश न घेता बघा. फुटायच्या क्षणी लाटेचा माथा पातळ असतो. उजेड मागून असेल तर तो त्यातून आरपार येतो आणि तिथे हिरवा पेटतो. थॅलो ग्रीनचा अगदी थेंब आणि थोडा पिवळा, एवढ्यात तो मिळतो. त्याखाली लाटेचं उभं पोट असतं. ते उभं असल्यामुळे त्यात नजर आत शिरते, आकाश फारसं दिसत नाही, म्हणून तो संपूर्ण लाटेतला सर्वांत गडद भाग. त्याच्या पायथ्याशी पाणी परत आडवं होतं आणि तिथे आकाशाचा उजळ तुकडा पडतो. माथा हिरवा, पोट गडद, पायथा उजळ, या तीन टोनांत लाट उभी राहते. फेस त्यानंतर.

फेस पांढरा नसतो. उन्हातली कड तेवढी पांढरी, बाकी सगळा सावलीत निळसर-जांभळट राखाडी. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांच्यातून हा राखाडी दोन्ही माध्यमांत मिळतो. ॲक्रिलिकमध्ये त्यात टिटॅनियम व्हाइट घाला. ॲक्रिलिकमध्ये आधी पाण्याचा गडद थर पूर्ण वाळू द्या, त्यावर फेसाची सावली चढवा आणि अगदी शेवटी, किंचित पिवळा घातलेला जाडसर पांढरा उन्हाच्या कडेवर ठेवा. ठेवा म्हणजे ठेवा. घासत बसू नका. जलरंगात क्रम उलटा: पांढरी जागा आधी ठरवून कोरी सोडायची आणि सावली भोवतीने आणायची. लांबच्या पाण्यावरची चमक हवी असेल तर रफ, म्हणजे खरबरीत कागदावर भरपूर रंग पण कमी पाणी घेतलेला ब्रश आडवा, झटक्यात फिरवा. खळगे कोरे राहतात आणि तीच चमक. ब्लेडने खरवडूनही पांढरं काढता येतं, इंग्रज चित्रकार टर्नरच्या जलरंगांत असं खरवडलेलं पांढरं बघायला मिळतं. पण कागद आतपर्यंत पूर्ण कोरडा असल्याशिवाय ब्लेड लावू नका. दमट सकाळी तर नाहीच, कागद सोलला जातो. मास्किंग फ्लुइड (कोरी जागा झाकायला लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) मी प्रवासात नेत नाही. उन्हात ते कागदाला घट्ट धरतं, कडा कातरल्यासारख्या येतात आणि फेसाला तशा कडा शोभत नाहीत.

ओली वाळू मात्र जलरंगासाठीच आहे. कोरड्या वाळूचा फिका ऑकर, त्याच्याखाली ओल्या वाळूचा गडद पट्टा आणि पाण्याचा पातळ थर असेल तिथे आकाश. ऑकर ओला असतानाच त्यात आकाशाचा रंग उभ्या फटकाऱ्यांनी सोडा आणि चमक उतरायला लागली की पाण्याच्या कडेची एकच आडवी रेघ मारा. दुसरी मारायचा मोह होतो. मारू नका.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक रंगपेटीइतकंच महत्त्वाचं आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, एकीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. काही किनाऱ्यांवर एकच येते, त्यामुळे जिथे जाल तिथलं कोष्टक बघा. पाणी सारख्या वेगाने हलत नाही. चढ-उताराच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण फरकाचा १२ वा भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक भाग, असा ढोबळ आडाखा खलाशी वापरतात. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मा फरक पडतो. त्या वेळात बसलात तर समोरचे खडक डोळ्यांदेखत बुडतात किंवा उघडे पडतात आणि चित्रात दोन वेगवेगळे समुद्र येतात. पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तास-दीड तास धरा. सूर्य तेवढ्यात वीस अंश सरकलेला असतो, त्यामुळे उजेडही साधारण तेवढाच वेळ आपला असतो. मधल्या वेळात बसावंच लागलं तर पाण्याची कड सर्वांत आधी पेन्सिलीने पक्की करा आणि नंतर ती बदलू नका, समोर काहीही होवो.

अपुरं चित्र घेऊन दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत गेलात तर उजेड तोच मिळेल, पण पाणी साधारण ५० मिनिटं मागे असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दृश्यच वेगळं. उजेड आणि पाणी यांची तीच जोडी परत जुळायला साधारण पंधरवडा लागतो. म्हणून मुक्काम कमी असेल तर एका बैठकीत संपेल एवढंच चित्र घ्या. कागदामागे तारीख, वेळ, वारा, भरती की ओहोटी एवढं लिहून ठेवा. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार बूदँ आपल्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारा नोंदवत असे. नंतर स्टुडिओत काम करताना अशा एका ओळीचा उपयोग दहा फोटोंपेक्षा जास्त होतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा कड्याच्या पायथ्याशी बसताना परतीची वाट आधी बघून ठेवा. १८८५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर एत्रेता इथे चित्रकार मोने कड्याखाली रंगवत बसला असताना पाण्याचा अंदाज चुकला. लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि कॅनव्हास, ईझल सगळं वाहून गेलं. तो तर किनाऱ्यांवर वाढलेला माणूस होता.

सामानाचं सांगतो, पण यात फार अडकू नका. दोन्ही संचांत शक्यतो तेच रंग ठेवा, म्हणजे मिश्रणं डोक्यात एकदाच बसवावी लागतात. अल्ट्रामरिन (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोड पीबी २९), थॅलो ब्लू ग्रीन शेड (पीबी १५:३), थॅलो ग्रीन, यलो ऑकर, एक लिंबू पिवळा, बर्न्ट सिएना, एक गुलाबीकडे झुकणारा लाल. ॲक्रिलिकमध्ये वर टिटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब. तीच सर्वांत आधी संपते. सेरुलियन जलरंगात घ्या, ॲक्रिलिकमध्ये नसला तरी अडत नाही. कागद ३०० जीएसएमचा, सुती, चारी कडा चिकटवलेला ब्लॉक. सुटा कागद वाऱ्यात कामाचा नाही. ॲक्रिलिकसाठी जाड कागदावर जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तर-थर) मारून आणा किंवा पातळ लाकडी पॅनेल घ्या. कॅनव्हास शिडासारखा वारा धरतो. आकार ए४ च्या आसपास. मोठं काढायची खुमखुमी असेल तर पडलेल्या वाऱ्याची वाट बघा.

ॲक्रिलिक पॅलेटवर मिनिटांत सुकतं. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज किंवा टिश्यू, त्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर रंग, एवढी व्यवस्था दिवसभर पुरते. रंग हळू वाळावा म्हणून रिटार्डर मिळतो, पण दमट हवेत तो घातला तर चित्र चिकट राहतं. सकाळी मुळीच नको. सेबलचे (नैसर्गिक केसांचे) जलरंगी ब्रश ॲक्रिलिकला लावू नका, सिंथेटिक ब्रशांचा वेगळा जुडगा ठेवा. मधमिश्रित जलरंगाच्या वड्या दमट हवेत चिकट होतात आणि बंद पेटीत बुरशी धरू शकतात, म्हणून मुक्कामी पोचल्यावर पेटी उघडी ठेवून वाळवा.

एकाच चित्रात दोन्ही चालतात का? चालतात, पण एकाच क्रमाने: खाली जलरंग, वर ॲक्रिलिक. सकाळी जलरंगात आकाश आणि पाणी बसवून दुपारी त्यावर ॲक्रिलिकने खडक आणि फेस चढवणं ही माझी प्रवासातली आवडती पद्धत आहे. उलट क्रमाने ॲक्रिलिकच्या पापुद्र्यावर जलरंग धरत नाही, थेंब होऊन सुटतो.

समुद्राचं पाणी ब्रशाला वापरू नका. मीठ कागदात राहतं, हवेतली ओल ओढत राहतं आणि ब्रशाच्या धातूच्या टोपीला गंज चढवतं. लाटांचे तुषार येत असतील तर जागा बदला. ओल्या वॉशवर पडलेल्या खाऱ्या थेंबांचे ठिपके जात नाहीत.

विमानाने जाणार असाल तर तेलरंगांपेक्षा तुमचं सोपं आहे, कारण दोन्ही रंग पाण्यातले आहेत आणि ज्वलनशील नाहीत. तरी ट्यूब, पॅलेट नाइफ, ब्लेड चेक-इन सामानात टाका. हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा ट्यूबनाही लागते. वड्यांची पेटी जवळ ठेवायला हरकत नाही. स्पिरिटवर आधारलेलं व्हार्निश किंवा टर्पेंटाइन मात्र नेऊच नका.

झालेली ॲक्रिलिक चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवली तर चिकटतात, दोन दिवसांनी वाळलेली असली तरीही. उष्णतेत तो पापुद्रा मऊ पडतो. मधे सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर घाला आणि उन्हात उभ्या गाडीत गठ्ठा सोडू नका. जलरंग मात्र हवा खेळेल असे ठेवा. दमट असतानाच प्लास्टिकमध्ये बांधले की कागदावर डाग येतात.

ॲक्रिलिकचं धुण्याचं पाणी समुद्रात किंवा खडकांमधल्या डबक्यात ओतू नका, त्यात प्लास्टिकचे कण असतात. ब्रश आधी फडक्यावर नीट पुसा, मगच पाण्यात बुडवा, म्हणजे पाणी कमी घाण होतं. ते फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत मुक्कामी न्या, रात्रभर निवळू द्या, तळाचा गाळ जुन्या कागदावर काढून वाळला की कचऱ्यात टाका. कोबाल्ट किंवा कॅडमियमचे रंग वापरत असाल तर जलरंगाच्या पाण्यालाही हाच नियम लावा.